दिराच्या घराला नोटीस, एफडी माझी

प्रश्न: धाकट्या दिराचे होमलोनचे हप्ते थकलेत, आता बँकेची 60 दिवसांची नोटीस आलीये. सासूबाई म्हणतात तुझी एफडी मोड, तो देईल नंतर. भाऊजी म्हणतात हवं तर घर तुमच्या नावावर करून देतो. नाही म्हणवत नाही पण पैसे माझ्या नोकरीतले आहेत, काय करू?

उत्तर: ताई, एफडी मोडायच्या आधी ती नोटीस स्वतः वाचा, फोनवर ऐकलेल्या आकड्यावर जाऊ नका. 2002 च्या सरफेसी कायद्याखालची, म्हणजे कोर्टात न जाता बँकेला गहाण घर ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याची, नोटीस असेल तर तिच्यात नुसते थकलेले हप्ते नाही, सगळं बाकी कर्ज मागितलेलं असतं, म्हणून घरात धाबं दणाणतं. भाऊजींना घेऊन बँकेत जा आणि दोन आकडे लेखी मागा, पूर्ण कर्जाचा वेगळा आणि थकबाकीचा वेगळा. कारण खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, झालं की मुद्दल-व्याजाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय तो शिक्का निघत नाही. तुमच्या एफडीत अर्धीच भागणार असेल तर पैसेही जातील आणि नोटीसही तशीच राहील, मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण घाबरून माणसं नेमकं हेच करतात, जमतील तेवढे भरून टाकतात.

घर नावावर करून देतो हे भाऊजी मनापासून म्हणत असतील, पण नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय त्यांना ते घर विकता किंवा कुणाला देता येत नाही, त्यामुळे त्या शब्दावर पैसे देऊ नका.

द्यायचंच ठरलं तर पैसे त्यांच्या हातात नाही, बचत खात्यातही नाही, तुमच्या खात्यातून थेट लोन अकाउंटला. रोख तर नकोच, 20 हजार किंवा त्याहून जास्त उसनवारी रोखीत केलेली इन्कमटॅक्सला चालत नाही आणि पुरावाही राहत नाही. उसने की मदत हे आधीच बोलून घ्या. उसने असतील तर स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या, परतफेडीच्या तारखांसकट. उसन्या पैशांसाठी कोर्टात जायची मुदत साधारण 3 वर्षं असते आणि घरच्या माणसाला तगादा लावायच्या संकोचात ती कधी उलटते कळत नाही, म्हणून ती संपायच्या आत बाकी कबूल केल्याची त्यांची सही घ्या. तुमच्या पैशातून पूर्ण कर्जच फिटणार असेल तर वकिलाला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 92 विचारा, भाऊजींनी नोंदणीकृत लेखात तसं मान्य केलं तर बँकेचा घरावरचा हक्क तुम्हाला मिळू शकतो.

नवीन लोनला जामीनदार मात्र राहू नका, हप्ते थकले की बँक सरळ तुमच्याकडे येऊ शकते.

आणि पुढचे हप्ते कशातून भरणार हे सासूबाईंसमोरच विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर बँकेची परवानगी घेऊन भाऊजींनीच गिऱ्हाईक बघून घर विकलेलं बरं, लिलावात भाव पडतो. लिलावाची जाहिरात निघाली की कर्ज फेडून घर सोडवायचा हक्क 2016 च्या दुरुस्तीनंतर राहत नाही, तेव्हा वेळ घालवू नका. नोटिशीतला आकडा चुकीचा वाटत असेल तर भाऊजींनी लेखी हरकत द्यावी, बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते पत्र याच आठवड्यात जाऊ दे, आणि पोच घ्यायला विसरू नका.