महाबळेश्वरला दिसलेला, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला इवलासा पक्षी कोणता? तो सांगलीत आमच्या बागेत येईल का?

तो चष्मेवाला. तुम्ही लिहिता तसं, जांभळीच्या शेंड्यात हिरवट-पिवळा थवा, डोळ्याभोवती पांढरं कडं आणि कॅमेरा काढेपर्यंत सगळे गायब. तुमच्या वर्णनात दुसरा पक्षी बसतच नाही. मी साताऱ्याचा. यवतेश्वरापासून कासपर्यंत, कोयनेच्या रानात आणि तुमच्या जिल्ह्यात शिराळ्याच्या पुढे चांदोलीत हा नेहमी भेटतो.

फोटो हाती लागला नाही म्हणता, तर पुढच्या वेळी चोच बघा. शिंजिराची मादीही खालून पिवळी असते, पण तिची चोच लांब आणि चांगलीच बाकदार. सुभगही पिवळा, पण त्याच्या पंखांवर पांढरे पट्टे असतात. चष्मेवाल्याची चोच बारीक आणि टोकदार, गळा आणि शेपटीखालचा भाग पिवळा, मधलं पोट राखाडी-पांढरं. लांबी जेमतेम 10 सेंमी, म्हणजे चिमणीपेक्षा बराच लहान. कधी एखाद्याचं कपाळ केशरी दिसलं तर वेगळी जात समजू नका, ते फुलातले परागकण असतात. मधाबरोबर फुलातले फुलकिडेही (थ्रिप्स नावाचे बारीक किडे) तो खातो. फुलकिडे म्हणजे काय हे सांगलीकरांना सांगायला नको, द्राक्षवाले त्यांच्यापायी किती फवारण्या करतात ते तुम्ही बघताच. मध आणि किडे शोधायच्या खटाटोपात चष्मेवाला या फुलाचे पराग त्या फुलाला लावत जातो. रानासाठी हे फार मोलाचं काम आहे.

तरी माझं ऐकाल तर डोळ्यांआधी कान वापरा. दाट पानांत एकमेकांची चुकामूक होऊ नये म्हणून थवा चरताना सतत बारीक, नाकातून काढल्यासारखा 'चीर, चीर' आवाज करत असतो. तो ऐकू आला की पाठलाग करू नका. उभे आहात तिथेच थांबा. थवा एका झाडावरून दुसऱ्यावर सरकत जातो, त्यामुळे पुढच्या झाडावर नजर ठेवली तर तो स्वतःच समोर येतो.

आता एक विनंती, तुम्ही विचारलं नसलं तरी. फेब्रुवारीपासून थवे फुटून जोड्या होतात आणि विणीचा हंगाम सप्टेंबरपर्यंत चालतो. एप्रिलमध्ये सगळ्यात जास्त घरटी असतात आणि नेमकी तेव्हाच महाबळेश्वरला पर्यटकांची गर्दी सुरू होते. कोळ्याचं जाळं, दगडफूल आणि झाडाचे तंतू वापरून फांदीच्या बेचक्यात टांगलेली झोळी, असं याचं घरटं. नर-मादी ती चारेक दिवसांत विणतात. फिकट निळी अंडी साधारण 10 दिवसांत फुटतात आणि पुढच्या 10 दिवसांत पिल्लं उडायला तयार. एवढ्या थोड्या दिवसांत सगळं उरकायचं असताना कोणी फोटोसाठी आडवी येणारी डहाळी मोडली, तर घरट्यावरची सावली जाते आणि कावळ्याला ते लांबूनही दिसतं. मी अशी उघडी पाडलेली घरटी पाहिली आहेत आणि त्याचा मला मनापासून राग येतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं शिकारीतच मोजलं आहे. घरटं दिसलं तर दुरून बघा, पुढे चला आणि जागा कोणालाही पाठवू नका.

बागेचं म्हणाल तर हो, येऊ शकतो. चष्मेवाला फक्त डोंगरातला नाही, दाट झाडी असेल तर सपाटीवरच्या बागांतही येतो. पण तो क्वचितच जमिनीवर उतरतो, त्यामुळे तांदूळ-बाजरी टाकून उपयोग नाही. जागा असेल तर तुती लावा, शेवगा असेल तर फुलोऱ्यात तोडू नका आणि झाडांवर कीटकनाशक मारू नका. पानांवर साचलेल्या दवात अंघोळ करायची त्याला सवय आहे. म्हणून सकाळी झाडाच्या पानांवर पाण्याचा हलका फवारा मारत जा आणि एक उथळ थाळी फांद्यांजवळ, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर टांगा. थव्याने यायचे ते विणीच्या हंगामाबाहेर, म्हणजे पाऊस सरल्यावर आणि हिवाळ्यात. हे सगळं दसऱ्याच्या आत करून ठेवलंत तर बरं.