मोठ्या माणसांना चित्रकला शिकवण्यातून शिकवणाऱ्याला काय मिळतं?

शाळेतून निवृत्त झाल्यावर मोठ्यांसाठी चित्रकलेचा वर्ग काढावा का, त्यातून आपल्याला काय मिळेल, असं तुम्ही विचारलंय. मी मालवणात असा वर्ग घेते. मला मिळालं ते हे: माणसं ज्या वस्तूंबरोबर जन्मभर वावरली, त्या वस्तू ती आपल्याला बघायला शिकवतात. शाळेतली मुलं मला फार आवडायची, पण हे समाधान तिथे नव्हतं.

सुरुवातीला मात्र यातलं काहीच दिसत नाही. पन्नाशीची माणसं दोन डोंगर, मधे सूर्य आणि एक वाकडा माड काढून मोकळी होतात. हात शाळेत जिथे थांबला तिथेच असतो, आणि एलिमेंटरीला मिळालेली सी ग्रेड अजून मनात सलत असते. अशांना मी मोठा कोरा कागद देतच नाही. सावंतवाडीच्या गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या, पानासारखा छोटा गोल कापून देते. तेवढा बिघडला तरी कुणाला वाईट वाटत नाही.

माडावर चढून नारळ काढणारे एक काका येतात. वाकडा माड त्यांनीही काढला होता. मी म्हटलं, "काकानू, तुमी चढतास तो माड काढा." बराच वेळ ते नुसते बसले. मग खालून वर खोडावर आडवे वण काढत गेले, गळलेल्या प्रत्येक झावळीचा एक. माडाला महिन्याला साधारण एक झावळ येते, म्हणून वणांवरून माडाच्या वयाचा अदमास येतो, हे त्यांनीच सांगितलं. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, झावळीच्या बगलेतून निघते, तीही त्यांनी बरोबर जागी दाखवली होती.

मासळी विकणाऱ्या एक ताई आहेत. स्थिरचित्राला बांगडे मांडले होते. शेजारच्याच्या कागदाकडे बघून त्या म्हणाल्या, "ह्यो बांगडो शिळो आसा." त्याने डोळा खोल आणि धुरकट रंगवला होता. ताज्या बांगड्याचा डोळा फुगीर, लख्ख असतो. मग त्या डोळ्यातला प्रकाश जलरंगात कसा राखायचा, तेवढा कागद कोरा कसा सोडायचा, यातच सगळ्यांची दुपार गेली. एकालाही घरी जायची घाई नव्हती.

मोठ्यांना खोटं "छान" चालत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. त्यांना लगेच कळतं. काय जमलंय ते बोट ठेवून दाखवावं लागतं.

मोठेपणी शिकून काय होणार, असं कुणी म्हणालं तर मी सावंतवाडीचं उदाहरण देते. तिथली गंजिफाची कला जवळजवळ बुडाली होती. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले ती शिकले. आज राजवाड्यात दशावतारी गंजिफाचे १२० पानांचे संच रंगवले जातात. शिकणारे दोघेही जाणत्या वयाचे होते.

पैशांचं म्हणाल तर फी बहुतेक रंग-कागदातच जाते.

वर्ग काढणार असाल तर दिवाळीनंतर काढा. आंब्याच्या दिवसांत आणि गणपतीत इथे कुणाला सवड नसते, आणि पावसात जलरंगाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ हात, लवकर वाळत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, नवख्या हातालाही वॉश सांभाळता येतो.