शनिवारची पाळी आणि सासूबाईंचं मटण

प्रिय सूनबाई,

ठाण्याहून इस्रायलमधल्या अश्दोदला आलात, निम्मा पगार घरभाड्यात जातो, किराणावाल्याची उधारी वाढत चाललीय. त्यात नवऱ्याला गोदामात शनिवारची पाळी घ्यायला सांगताहेत. सासूबाई म्हणतात, कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून आपल्या बेने इस्रायली ज्यूंना 'शनवार तेली' म्हणायचे, त्या घरात हे चालणार नाही. आणि मटण मात्र मेहाद्रिनचंच, म्हणजे जास्त कडक धर्मनियमांच्या शिक्क्याचंच हवं!

पाळीच्या बाबतीत सासूबाईंचं बरोबर आहे. इस्रायलच्या 1951 च्या कायद्याप्रमाणे ज्यू कामगाराच्या साप्ताहिक सुटीत शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा विश्रांतीचा दिवस येतो, आणि धर्म पाळणाऱ्याला त्या दिवशीच्या कामाला नकार देता येतो. पण नुसतं तोंडी सांगून भागणार नाही, लगेच लेखी द्यायला सांग. शनिवारचा दीडपट पगार सुटेल, हे खरंय. त्याऐवजी आठवड्यातली एखादी रात्रपाळी मागून बघू दे. दवाखान्यात जीव वाचवायचं काम असतं तर गोष्ट वेगळी; गोदामातली खोकी रविवारपर्यंत थांबतात.

मटण साधं चालेल, या बाबतीत मात्र मी तुझ्या बाजूची. मेहाद्रिन म्हणजे जास्तीचं सोवळं. रब्बीनातचा, म्हणजे सरकारमान्य धर्मगुरूंच्या मंडळाचा साधा शिक्का असलेलं मटणही कोशेरच, म्हणजे आपल्या धर्माला चालणारंच. खरं सांगू? यात धर्म थोडा आणि शेजारीण काय म्हणेल हेच जास्त. तालमुद या आपल्या जुन्या धर्मग्रंथात रब्बी अकिवा हे धर्मगुरू स्पष्ट सांगतात की शब्बाथचं जेवण रोजच्यासारखं साधं असलं तरी चालेल, पण कुणापुढे हात पसरायची वेळ आणू नये. दिवा आणि वाइन यांतलं एकच परवडत असेल तर आधी दिवा, असाही नियम आहे. किद्दुश, म्हणजे शब्बाथच्या जेवणाआधी वाइनवर म्हणायची प्रार्थना, भाकरीवर, म्हणजे पावावरही होतो. आणि काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत तर आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, बाटली कशाला हवी? शुक्रवारी रात्री खवल्यांचा मासा आण, नारळाच्या दुधात आमटी कर, वर भात. सासूबाई बोटं चाटतील.

पेसाखच्या सणाला गरजू घरांना मदत द्यायची जुनी रीत आहे. सिनागॉगमधून, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळातून मिळाली तर घ्या, लाजू नका.

उधारीची वही मात्र तू दाखवू नकोस, नवऱ्याला दाखवू दे. लेकाच्या तोंडून आला तर तो हिशेब, सुनेच्या तोंडून आला की टोमणा. आणि हे बोलणं गुरुवारीच उरका. शुक्रवारी दुपारी स्वयंपाकाच्या धांदलीत काढलंत, तर आमटी करपेल.

तुझी,
मावशी