'जनुकीय नकाशा' आणि 'जनुकीय क्रम' एकच का?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंचा प्रश्न आहे. नातू गुजराती माध्यमात दहावीला. त्या त्याला 'गुणसूत्र' म्हणाल्या, तर तो म्हणाला, "आजी, रंगसूत्र म्हण!" मग मराठी पेपर उघडला, तर मानवी डीएनएच्या एकाच बातमीत वर 'जनुकीय नकाशा' आणि खाली 'जनुकीय क्रमनिर्धारण'. हे दोन्ही एकच का, आणि नातू बरोबर की आजी?

काकू, नातवाचं आधी मिटवू. दोघंही बरोबर. पेशीला रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातले हे डीएनएचे धागे गडद दिसतात, म्हणून वाल्डायर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये त्यांना 'क्रोमोसोम', म्हणजे ग्रीकमध्ये 'रंगकाया', असं नाव दिलं. गुजरातीने रंग धरला. मराठीने काम पाहिलं, आईबापांचे गुण पुढे नेणारं सूत्र. मला आपलाच शब्द आवडतो, पण मूळ नावाशी इमान राखलंय ते गुजरातीने.

नकाशा आणि क्रम मात्र एक नव्हेत. मांडवीकडून सूरसागराकडे निघालं की वाटेत न्यायमंदिर लागतं, एवढं सांगणारा तो नकाशा. त्या रस्त्यावरच्या एकूण एक पाट्या, एक अक्षर न गाळता उतरवून काढायच्या, तो क्रम. पहिला जनुकीय नकाशा १९१३ चा, फळमाशीचा. स्टर्टेव्हंट या तरुणाने सहा जनुकं, म्हणजे गुण ठरवणारे डीएनएचे तुकडे, एका रेषेवर मांडली, आणि तीही डीएनएचं एकही अक्षर (त्याच्या साखळीतला एकेक रासायनिक घटक) न पाहता. जे गुण पिढ्यान्‌पिढ्या जास्त वेळा जोडीने उतरतात, त्यांची जनुकं जवळजवळ असणार, एवढ्याच हिशेबावर. नकाशा आणि अक्षरं यांच्यात किती अंतर असतं ते हंटिंग्टन या मेंदूच्या आजारात दिसतं. त्याचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे हे १९८३ मध्ये कळलं. प्रत्यक्ष जनुक हाती लागलं १९९३ मध्ये. तेव्हा दिसलं की सी-ए-जी ही तीन अक्षरं तिथे गरजेपेक्षा फार जास्त वेळा ओळीने येतात. पत्ता ते पाटी, दहा वर्षं.

आता 'क्रम' या शब्दाबद्दल. 'क्रम लावणे' असं कुणी लिहिलं की मी अडखळतो. क्रम लावतो तो आपण, पत्त्यांचा किंवा पुस्तकांचा. डीएनएचा क्रम आधीच लागलेला असतो, तो फक्त शोधायचा असतो. म्हणून 'क्रमनिर्धारण' जड असलं तरी अचूक आहे. 'क्रमवाचन' सुटसुटीत खरं, पण आपण 'वाचलं' म्हणतो तेव्हा थोडंफार समजलं असंही त्यात येतं. मोडी कागदाची अक्षरं ओळखणाऱ्यालाही शब्द कुठे तुटतो ते कळेलच असं नाही. इथेही तीच गत.

एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. वेदपठणात क्रमपाठ असतो: अग्निमीळे, ईळे पुरोहितम्, पुरोहितं यज्ञस्य. प्रत्येक तुकड्याचं शेवटचं पद पुढच्याचं पहिलं, त्यामुळे मधलं काही गळालं तर लगेच कळतं. डीएनएही एका दमात वाचता येत नाही. छोटे तुकडे वाचायचे आणि एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळतोय का ते पाहून सांधायचे. (वेदात सगळं होतं असं मी म्हणत नाही, उगाच पुढे पाठवू नका.) जिथे तीच तीच अक्षरं लांबवर येतात तिथे हे सांधणं फसतं. त्यामुळेच मानवी जीनोमचं, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएचं, काम २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तरी सुमारे ८ टक्के भाग राहिला होता. तो भरून संपूर्ण क्रम आला २०२२ मध्ये. तीन अब्जांहून थोडी जास्त अक्षरं.

माझी खरी तक्रार 'जनुकीय' या विशेषणाबद्दल आहे. त्या तीन अब्जांत प्रथिनं घडवण्याचा मजकूर २ टक्क्यांहूनही कमी. सगळ्याला 'जनुकीय क्रम' म्हणणं म्हणजे अख्ख्या वडोदऱ्याला रावपुरा म्हणण्यासारखं. 'जनुकसंच' या शब्दातही तीच खोट. त्यापेक्षा सरळ 'जीनोमचं क्रमनिर्धारण' लिहावं. 'जीनोम' आता परका राहिलेला नाही. आणि 'जनुकीय नकाशा' फक्त जागा सांगायची असेल तेव्हाच.

आणि काकू, परीक्षेत त्याला 'रंगसूत्र'च लिहू द्या. मार्क गुजरातीत मिळायचेत.