मालकाच्या मनःस्थितीचा कुत्र्याच्या वागण्यावर खरोखर परिणाम होतो का?

आपला कुत्रा पत्नीबरोबर शांतपणे फिरतो, परंतु पट्टा आपल्या हाती आला की दिसेल त्या कुत्र्यावर भुंकत धावतो, याला आपला काळजीखोर स्वभाव कारणीभूत असेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे, बऱ्याच अंशी असू शकेल.

मी नाशिकला राहतो. आमच्या चिंगी या गावठी कुत्रीवर काही वर्षांपूर्वी गंगापूर रोडवर भटकी कुत्री तुटून पडली होती. तिची जखम दोन आठवड्यांत भरली, माझ्या मनातली धास्ती मात्र गेली नाही. त्यानंतर लांबवर एखादे कुत्रे दिसले, तरी मी नकळत पट्ट्याचा एक वेढा मनगटाला घालून तो आखडून घेत असे आणि श्वास रोखून ‘काही नाही, काही नाही’ असे पुटपुटत असे. एके सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकजवळ मुलीने मला थांबवले आणि दाखवून दिले की, चिंगी आधी माझ्याकडे पाहते, मगच भुंकते. समोरचे कुत्रे तोवर तिच्या ध्यानातही आलेले नसते.

स्वीडनमधील लिंशॉपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी ५८ कुत्रे व त्यांचे मालक यांच्या केसांतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजले होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मालक आणि कुत्रा यांच्या दीर्घकालीन ताणाची पातळी परस्परांशी जुळणारी आढळली. पुढे २०२२ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील प्रयोगात, प्रशिक्षित कुत्र्यांनी ताणाखालील माणसाचा घाम व श्वास केवळ वासावरून वेगळा ओळखला. त्यामुळे चेहऱ्यावर उसने हसू आणून भागत नाही, असे मला वाटते.

तरीही सारा दोष स्वतःकडे घेऊ नका. पिल्लूपणी माणसांची व इतर कुत्र्यांची सवय झाली नसेल, तर मालक कितीही शांत असला तरी कुत्रा बिचकतो; आणि हे वागणे अचानक सुरू झाले असेल, तर कान किंवा सांधे दुखत नाहीत ना, हे आधी पशुवैद्यकाकडून तपासून घ्या.

मला उपयोग झाला तो पट्टा सैल, झोळीसारखा लोंबता ठेवण्याचा, आणि दुसरे कुत्रे पुरेसे लांब असतानाच श्वास सोडत वळण घेण्याचा. चिंगीला हे जमायला तीन महिने लागले, मला त्याहून अधिक. आपण काही दिवस पट्टा पत्नीच्याच हाती राहू द्या, स्वतः बाजूने चाला आणि समोर कुत्रे आले की आपले खांदे नेमके केव्हा ताठरतात, तेवढेच पाहा.