दहा मिनिटांत आधी काय बघायचं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा मुलगा मिलानला असतो, आम्ही दोघं नवरा-बायको सप्टेंबरमधे तिकडे जाऊन राहिलो. तो म्हणते रोम-फ्लोरेन्सला तर सगळेच जातात, तुम्हाला मांतुआला नेतो, तिथे राजवाड्यात रंगवलेल्या खोल्या आहेत. पण मेन खोलीत म्हणे दहा-पंधरा मिनिटंच थांबू देतात. एवढ्यासाठी दोन तास ट्रेननी जायचं का? हिचे गुडघेही दुखतात.
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : जा काका, नक्की जा, मुलगा अगदी बरोबर बोलून राहिला. मांतुआचा ड्युकल पॅलेस म्हणजे गोंझागा घराण्याचा राजवाडा, पाचशेच्या आसपास खोल्या, आणि त्यातली तुम्ही म्हणता ती खोली, कामेरा देल्यी स्पोझी, सान जॉर्जो किल्ल्याच्या एका बुरुजात आहे. चौरस खोली, साधारण आठ मीटर बाय आठ मीटर, म्हणजे फार मोठी नाही. आंद्रेआ मांतेन्यानी ती १४६५ ते १४७४ अशी नऊ वर्षं रंगवली. वेळ कमी असतो हे खरं, सीझनप्रमाणे थोडाफार बदलतो, पण आधी काय बघायचं ते ठरवून गेलात तर तेवढ्यात खूप होतं.

आत गेल्यागेल्या सगळे मान वर करतात, कारण छताच्या मधोमध गोल आकाश रंगवलंय, कठड्यावरून बायका खाली वाकून बघतायत, पंखवाली लहान मुलं कठड्याला लटकलीयत, एक मोर आहे, आणि एक झाडाची कुंडी नुसत्या दांडीच्या आधारावर अशी ठेवलीय की आता आपल्या डोक्यावर येते असं वाटतं. ते बघाच, पण माझं ऐका, सुरुवात तिथून करू नका. आधी फायरप्लेसच्या वरची भिंत बघा. तिथे मांतुआचा तेव्हाचा राज्यकर्ता लुदोविको गोंझागा हातात पत्र घेऊन बसलाय, सेक्रेटरीशी काहीतरी बोलतोय, शेजारी बायको बार्बरा, आजूबाजूला मुलंबाळं, दरबारी, खुर्चीखाली त्याचा कुत्रा. आणि ही सगळी माणसं फायरप्लेसच्या खऱ्याखुऱ्या कट्ट्यावर बसली-उभी असल्यासारखी रंगवलीयत, खरा दगड कुठे संपतो आणि रंग कुठे सुरू होतो ते पटकन कळत नाही. पुस्तकातल्या फोटोत हे हाती लागत नाही, कारण फोटोत फक्त चित्र येतं, खोली येत नाही, आणि मांतेन्यानी तर पूर्ण खोलीच रचलीय. उरलेल्या दोन भिंतींवर बंद पडदे रंगवलेत, तिकडे फार वेळ घालवू नका. दरवाजाच्या बाजूच्या भिंतीवर लुदोविको आणि त्याचा कार्डिनल (चर्चमधला मोठा धर्माधिकारी) झालेला मुलगा भेटतात तो प्रसंग आहे, तिथल्या रंगवलेल्या खांबावरच्या पानाफुलांत मांतेन्यानी स्वतःचा चेहरा लपवलाय, काकूंना शोधायला सांगा. आणि मग शेवटची दोन-तीन मिनिटं छताला द्या.

गुडघ्यांचं म्हणाल तर राजवाडा खूप पसरलेला आहे, चालणं भरपूर आणि पायऱ्याही आहेत, त्यामुळे लिफ्ट आहे का, बसायला जागा आहे का ते मुलाला बुकिंग करतानाच विचारून घ्यायला सांगा. या खोलीची वेळ आधीच बुक करा, सोमवारी राजवाडा बंद असतो. आणि बाकीच्या खोल्यांपैकी सगळ्या बघायचा हट्ट करू नका, पिझानेल्लो या चित्रकाराचा हॉल तेवढा चुकवू नका.

प्रश्न : मी चित्रकला शिकते. अजिंठ्यालाही फ्रेस्को म्हणतात आणि इटलीतल्यालाही, मग दोन्ही एकच का? आणि आत माणसं कमी का सोडतात, फ्लॅश नाही मारला तर काय बिघडतं?
– एक विद्यार्थिनी, सीताबर्डी

उत्तर : छान विचारलंस. एकच नाही. इटलीतल्या खऱ्या फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात, मग चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगडासारखा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि रंग त्यातच अडकून बसतो, वेगळा डिंक लागत नाही. त्यामुळे एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा, आणि नीट बघितलं तर एका दिवसाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथला सांधा दिसतो. अजिंठ्याला मात्र मातीत गवत, तूस वगैरे घालून गिलावा, वर पातळ पांढरा लेप, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या पदार्थात कालवलेले रंग. मांतेन्याही सगळं ओल्यावर करत नव्हता, बराच भाग त्यानी वाळल्यावर रंगवलाय, कारण त्याला बारीक काम करायचं होतं आणि ओला चुना तेवढी सवड देत नाही. अझुराइट या खनिजाचा निळा तर चुन्यात नीट टिकत नाही म्हणून बहुतेक वाळल्यावरच लावायचे, आणि जुन्या भिंतींवर नेमका तोच निळा आधी झडलेला दिसतो.

पिझानेल्लोचा हॉल मी वर सांगितला तो तुझ्यासाठी सोनं आहे. पंधराव्या शतकातलं हे अर्धवट राहिलेलं काम पुढच्या काळात गिलाव्याखाली गाडलं गेलं होतं, १९६० च्या दशकात ते उघडं केलं. त्यामुळे रंगाच्या खालची लाल रेषांची कच्ची ड्रॉइंग्जही बघायला मिळतात, शूरवीर, घोडे, नुसती पुसट बाह्यरेखा. चित्रकार विचार कसा करतो ते तिथे कळतं.

आता माणसं कमी का. फ्लॅश हा त्यातला छोटा भाग. खरा त्रास आपला श्वास आणि घाम. बंद खोलीत दमटपणा वाढला की भिंतीतलं मीठ विरघळतं, हवा कोरडी झाली की तेच मीठ पृष्ठभागावर येऊन स्फटिक होतं आणि रंगाचा पापुद्रा उचलतं. वर श्वासातला कार्बन डायऑक्साइड ओलाव्यात मिसळून चुन्यालाच थोडंथोडं खातो. अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात गार्ड थोड्याथोड्या लोकांनाच आत सोडतो तेव्हा लोक चिडतात, वाद घालतात, मला फार वाईट वाटतं ते बघून. या मांतुआच्या खोलीनी तर मे २०१२ चा भूकंपही सोसलाय, त्यानंतर ती बंद होती ती दुरुस्ती होऊन एप्रिल २०१५ मधे उघडली.

प्रश्न : आमच्यासोबत नऊ आणि बारा वर्षांची पोरं आहेत, म्युझियममधे दहा मिनिटांत कंटाळतात. त्यांना कुठे न्यावं? आणि आम्ही शाकाहारी आहो, तिथे खायला काय मिळेल?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : ताई, पोरांना आधी मांतुआतल्याच ‘पलाझ्झो ते’ या वाड्यात न्या, ड्युकल दुसऱ्या दिवशी करा, किंवा एकाला धरून दुसरा सोडा. हा गोंझागांचा गावाबाहेरचा विश्रांतीचा वाडा, राफाएलचा शिष्य जुलिओ रोमानोनी बांधला, काम १५२५ च्या सुमारास सुरू झालं आणि दहाएक वर्षं चाललं. तिथे आधी घोड्यांचे तबेले होते, म्हणून एका हॉलमधे गोंझागांच्या सहा लाडक्या घोड्यांची खऱ्या मापाची चित्रं आहेत. तिथून राक्षसांच्या खोलीत जा. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं ते कळतच नाही कारण कोपरे गोल केलेत आणि सगळं एकच चित्र आहे. वर देवांचा राजा वीज फेकतोय आणि खाली डोंगर, खांब, इमारती राक्षसांच्या अंगावर कोसळतायत. गर्दी नसेल तर एका पोराला एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून हळूच बोलायला सांगा, समोरच्या कोपऱ्यातल्याला ऐकू येतं, तिथून पोरं लवकर निघत नाहीत. भिंतींवर जुन्या काळातल्या लोकांनी कोरलेली नावं दिसतात, तीही दाखवा आणि हे का करायचं नाही ते तिथेच समजावून सांगा, आपल्या किल्ल्यांवर हे रोज चाललंय.

दोन्ही ठिकाणांमधे पायी अर्धा तास धरा, उन्हाळ्यात टोप्या आणि पाणी घ्या. जेवायला तोर्तेल्ली दी झुक्का मागा, कोहळ्याचं (लाल भोपळ्याचं) गोडसर सारण भरलेला पास्ता, मांतुआचाच पदार्थ आहे. बटर आणि सेजच्या पानांचा मागा, कारण काही ठिकाणी वरून मांसाचा सॉस घालतात, आणि चीजमधलं रेनेट (दूध फाडायला वापरतात तो वासराच्या पोटातला पदार्थ) चालत नसेल तर तेही आधीच विचारून घ्या.