शाम्पू-साबणाच्या बाटल्या कमी करायला घरगुती वस्तू आणि रिफिल खरंच उपयोगी पडतात का?

पडतात, पण सगळ्या नाही. मी ज्यांच्यासाठी सगळ्यात जास्त घाम गाळला त्यातल्या काही तर अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय की चौघांच्या घरात महिन्याला पिशवीभर रिकाम्या बाटल्या निघतात आणि व्हिडिओ बघून टूथपेस्ट बनवण्यापासून सुरुवात करायचा विचार आहे. तिथून नका करू.

आधी मोजा. चार वर्षांपूर्वी मी बाल्कनीत तांदळाची एक रिकामी गोणी ठेवली आणि तीन महिने बाथरूममधलं जे जे संपेल ते त्यात टाकलं. मग जमिनीवर ओतून बघितलं तर निम्म्याहून जास्त बाटल्या हँडवॉश आणि बॉडीवॉशच्या. माझ्या लहानपणी या दोन्ही वस्तू घरात नव्हत्याच, आणि आम्ही काही पारोसे फिरत नव्हतो. बाटलीमागची घटकांची यादी वाचा. ती जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते आणि पहिलं नाव बहुतेक वेळा 'अ‍ॅक्वा', म्हणजे पाणी. नळाला येतं तेच पाणी आपण बाटलीत भरून विकत आणतो!

म्हणून पहिला बदल अगदीच साधा: साबणाची वडी. साबणदाणी भोकांची घ्या, नाहीतर खाली लगदा होतो आणि घरातले दोन दिवसांत कुरकुरायला लागतात. उरलेल्या चिपा मी वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीत भरते. घोसाळं वेलावरच पूर्ण वाळू द्यायचं, साल काढून बिया झटकायच्या, की अंग घासायला झाली जाळी. नायलॉनची ती रंगीत फुलं तेव्हापासून बंद.

आता रिफिल. दुकानात मिळणाऱ्या रिफिलच्या पाकिटात प्लास्टिक बाटलीपेक्षा कमी असतं, हे खरं. पण आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना मी दोन्ही दाखवलं, तर त्यांनी बाटली पिशवीत टाकली आणि पाकीट मला परत दिलं. "हे कोणी घेत नाय." अशी पाकिटं बहुतेक थरावर थर चिकटवलेली असतात. थर वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारात त्याला किंमत नाही. शाम्पूच्या पुडीचंही तेच. स्वस्तातल्या पुडीमुळे ज्यांना बाटली परवडत नव्हती त्यांच्या घरात शाम्पू पोचला, त्यामुळे मी तिला शिव्या घालणार नाही. पण ज्याला परवडतं त्याने पुड्यांच्या माळा का आणाव्यात? ६ मिलिलिटरची पुडी धरली तर एका लिटरला जवळपास १६७ पुड्या होतात. त्यापेक्षा लिटरची एक बाटली बरी, ती निदान भंगारात तरी जाते.

खरं रिफिल मला लाकडी घाण्यावर सापडलं. खोबरेल आणि तिळाचं तेल मी स्टीलच्या डब्यात आणते. रिकाम्या डब्याचं वजन आधी करून झाकणावर लिहून ठेवलंय, म्हणजे काट्यावर वाद नाही. डबा मात्र रुंद तोंडाचा घ्या. पहिल्या वर्षी मी हौसेने निमुळती काचेची बाटली नेली आणि डिसेंबरात तेल असं थिजलं की विणायची सुई घालून उकरत बसले होते.

घरी बनवण्यासारखं काय, तर कोरडं असेल ते. शिकेकाई, उटणं. माझं शिकेकाईचं प्रमाण आईकडून आलेलं: अर्धा किलो शिकेकाई, १०० ग्रॅम बिया काढलेला रिठा, १०० ग्रॅम आवळकाठी, नागरमोथा आणि कपूरकाचरी ५०-५० ग्रॅम, मूठभर मेथी. सगळं काष्ठौषधीच्या दुकानात सुटं मिळतं, कागदाच्या पुडीत. कडक उन्हात दोन दिवस वाळवायचं. दळायला नेहमीच्या गिरणीत गेलात तर गिरणीवाला हात जोडेल. मला म्हणाला, "ताई, मागून ज्वारी कोण दळणार?" मसाला आणि शिकेकाई दळून देणारी वेगळी गिरणी शोधा आणि नाकाला ओढणी बांधून जा, शिंका आवरत नाहीत.

दोन-तीन चमचे पूड रात्री लोखंडी कढईत भिजवायची, सकाळी उकळायची आणि जुन्या सुती पंच्यातून गाळायची. न गाळता लावलीत तर केसांत भुसा अडकतो आणि मोरीची जाळी तुंबते. डोळे घट्ट मिटा, रिठा भयंकर झोंबतो. हे पाणी साठवायचं मात्र नाही. मी एकदा श्रावणात चार दिवसांचं करून बाटलीत भरलं होतं. तिसऱ्या दिवशी झाकण फस्सकन उघडलं आणि ताडीसारखा वास सुटला. कोरफडीच्या गराचीही तीच गत. पाणी आलं की बुरशी आणि जंतू आले, आणि आपल्या स्वयंपाकघरात कंपनीसारखं प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. इतका खटाटोप रविवारीच जमतो. मधल्या दिवशी मी बाटलीतला शाम्पू वापरते आणि मला त्याची लाज वाटत नाही.

शाम्पूची वडी घेणार असाल तर तुमच्याकडे पाणी कुठलं येतं ते आधी बघा. आमच्याकडे मार्चपासून बोअरचं. पहिल्या वडीने केस असे चिकट झाले की कंगव्यावर राखाडी मेण जमायचं. दोष वडीचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. या वड्या दोन जातींच्या असतात. यादीत 'सोडियम कोकोएट' किंवा 'सोडियम पामेट' असेल तर तो साबणच, आणि बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा थर करतं. 'सोडियम कोकोइल आयसेथिओनेट' असेल तर ती बोअरच्या पाण्यातही चालते. थोडी महाग पडते, पण कोरडी ठेवली तर बरीच टिकते.

साबण घरी करण्याबद्दल एवढंच सांगते: त्याला लागणारा कॉस्टिक सोडा हा खेळ नाही. तो पाण्यात टाकायचा, त्याच्यावर पाणी ओतायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं तो खातो. घरात लहान मूल असेल तर विकतची वडी आणा.

आणि टूथपेस्ट. खोबरेल, खायचा सोडा, लवंगेचं तेल, मीही केलंय. तोंड स्वच्छ वाटतं, पण त्यात फ्लोराइड नसतं आणि दात किडण्यापासून वाचवणारं मुख्य तेच. कोळशाच्या पुडीने दात झिजतात, आणि आजीची मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, तिचं कौतुक नको. दर महिन्याला एक ट्यूब कचऱ्यात जाऊ दे, दाताच्या डॉक्टरांचं बिल त्याहून जड असतं.

घरात आत्ता जे उघडलेलं आहे ते मात्र आधी संपवा. नवीन लाकडी-बांबूचा सेट आणण्यासाठी भरल्या बाटल्या फेकणारे लोक मी पाहिलेत.

आमची गोणी अजून तिथेच आहे. हल्ली सहा महिने झाले तरी अर्धीच भरते. त्यात टूथपेस्टच्या ट्यूबा, माझ्या शाम्पूची एखादी बाटली आणि मुलीच्या कंडिशनरच्या बाटल्या. तिला म्हटलं, जास्वंदीची पानं वाटून लावून बघ. ती म्हणाली, "आई, मला सातची लोकल पकडायची असते."